नथूची चांदणी

“रिबे, हाण त्याला! हाण म्हणते ना!”

हन्नाकाकू ओरडली आणि मी हातातली झांज तशीच लाल्याच्या दिशेनं भिरकावली. नेम चुकला. झांज फरशीवर पडून अशी खणखणली, की कौलांवरची कबुतरं उडाली. लाल्या बोका मात्र सावकाश नाताळच्या झाडावरून उतरला, त्यानं आम्हां दोघींकडे एकदा बघून घेतलं आणि चर्चच्या खिडकीतून बाहेर पडला. घाई त्याला कधीच नसे.

“झांज फेकतात का गं? बाबांनी बघितलं असतं म्हणजे?”

“तूच म्हणालीस, हाण.”

“म्हणजे काठीनं हाण. देवाच्या भजनाची वस्तू आहे ती.” काकूनं झांज उचलली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मग झाडाकडे मान वर करून म्हणाली, “चाटली का बघ गं. एवढ्या वरचं मला दिसत नाही.”

मी बाकावर चढले. “नाही चाटली.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय, काकू. नथूदादाची चांदणी जागच्या जागी आहे.”

तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि काठी मांडीवर आडवी घेऊन पुन्हा झाडाखाली बसली.

नाताळ अगदी तोंडावर आला होता. मी तेव्हा तेराचौदा वर्षांची असेन. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, कालव्याच्या शेपटाला. पाणी येईल तेव्हा येई. आमच्याकडे नाताळचं झाड म्हणजे कालव्याच्या बंगल्यावरून मागून आणलेली सुरूची मोठी फांदी. तेलाच्या डब्यात मुरूम भरून ती उभी करायची आणि रंगीत कागदाच्या साखळ्या, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, फुगे, जे असेल ते लावायचं. पण ते सगळं वरवरचं. झाडाची खरी सजावट म्हणजे चांदण्या. कणकेत दूध, तूप, गूळ घालून चांदण्या कापायच्या, तव्यावर खरपूस भाजायच्या आणि भोक पाडून दोऱ्यानं फांदीला टांगायच्या. घरात जितकी जिवंत माणसं तितक्या. म्हातारी खाटेला खिळलेली असो की मूल कालचं जन्मलेलं असो, ज्याचा श्वास चालू त्याची चांदणी. वर्षात जो देवाघरी गेला, त्याची लागत नसे. नाताळच्या दिवशी उपासना झाली की बाबांचं कीर्तन, आणि कीर्तनाच्या शेवटी सगळ्या चांदण्या परातीत काढून मंडळीत वाटायच्या. कुणाची कुणाला जाईल ते सांगता यायचं नाही. जी हातात येईल ती खायची आणि ज्याची असेल त्याच्यासाठी वर्षभर प्रार्थना करायची, मग त्याच्याशी बांधावरून भांडण का असेना. अशी रीत मी पुढं कुठल्याच मंडळीत पाहिली नाही.

नथू, म्हणजे नथनेल, हा हन्नाकाकूचा एकुलता एक मुलगा. ट्रकवर क्लीनर म्हणून गुजरातेकडे गेला तो गेला. कुणी म्हणे घाटात ट्रक उलटला, कुणी म्हणे सुरतेला त्याला चहा पिताना पाहिलं. काकू दरसाल त्याची चांदणी करी आणि सगळ्यांत वरच्या फांदीला लावी. मंडळी लावू देत. पण लावताना सगळे आपल्याकडे कसे बघतात, हे तिला कळत होतं.

त्यातच मागल्या नाताळात ते घडलं. लेवीनाना आढाव हे आमच्या मंडळीचे पंच. त्यांच्या म्हाताऱ्या आईची चांदणी बोक्यानं झाडावरून ओढून खाल्ली, आणि ईस्टरच्या आत म्हातारी गेली. ती नव्वदीच्या घरातली होती, पायांना सूज होती, हे साऱ्या गावाला माहीत. तरी बायकांत जे बोलायचं ते बोललं गेलं. बाबांनी त्यावर एक अख्खं कीर्तन लावलं. लोक हसले, डोलले, “वा बर्नबा!” म्हणाले, आणि घरी जाऊन पुन्हा तेच बोलले.

म्हणून काकू काठी घेऊन बसली होती. हंगामाच्या उपासनेला आलेलं धान्य चर्चला लागूनच्या खोलीत असे. धान्यामागं उंदीर, उंदरांमागं मांजरं, आणि मांजरांना तुपाचा वास. तिनं झाडाच्या डब्याभोवती बाभळीचे काटे रचले, लिंबाच्या साली टांगल्या, डांबरगोळ्या ठेवल्या, मिरचीची पूड टाकली. मिरचीनं मांजरं गेली नाहीत, पण आदल्या रविवारी अख्खी मंडळी शिंकत होती.

लेवीनाना दारातून डोकावले. “काय हन्नाबाई, येशूच्या जन्माला मेंढपाळ ऐकले होते. यंदा मांजरं राखणारी बसली म्हणायची!”

“नाना, तुम्ही पंचांनी धान्याची खोली हलवली असती, तर माझं ढुंगण फरशीवर गारठलं नसतं.”

“आणि धान्य काय तुमच्या छपरात ठेवू?”

“ठेवा की. पुरून उरंल का बघते.”

नाना हसत गेले. काकूही हसली. माझी आई मी लहान असतानाच गेली होती आणि तेव्हापासून आमच्या घरी दोन वेळचं ताट शेजारच्या ह्या काकूच्या चुलीवरून यायचं. ती हसली की मला बरं वाटे. ते मी पाहिलेलं तिचं शेवटचं हसणं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, बाबांनी मला तालमीला बोलावलं. मी त्यांच्यामागं झांजेवर असायची. काकूला दम्याची उबळ आली म्हणून ती पाणी प्यायला घरी गेली. तेवढाच वेळ झाड एकटं होतं. आम्ही परत आलो तेव्हा वरची फांदी वाकली होती, लाल्या खिडकीत बसून मिशा चाटत होता, आणि नथूची चांदणी दोऱ्याला तिरकी लोंबत होती. तिचं एक टोक नव्हतं.

काकूनं आरडाओरडा केला नाही. ती खाली बसली आणि फरशीवर हात फिरवून ते टोक शोधायला लागली. काटे बोचत होते तरी हात फिरवत राहिली.

“खाल्लं का गं त्यानं?”

“एक टोकच गेलंय, काकू. बाकी सगळी आहे.”

“टोक म्हणजे काय गं? हात का पाय?”

 तिनं ती चांदणी काढून घरी नेली, कणीक लावून टोक जोडलं, वर तीळ दाबून पुन्हा भाजली आणि तारेनं फांदीला घट्ट बांधून टाकली. मग बाबांकडे आली. आम्ही ओट्यावर होतो. बाबा फेट्याला इस्त्री म्हणून निखारे भरलेला तांब्या फिरवत होते.

“बर्नबाभाऊ, चर्चमध्ये निजू द्या. आजची रात मी तिथंच पडते.”

“ह्या थंडीत? छाती भरलीय तुमची. सकाळी आम्ही तुमच्याच मयताच्या उपासनेला बसायचं का?”

“मग तुम्ही निजा.”

“हन्नाबाई,” बाबांनी तांब्या खाली ठेवला, “देव मांजराच्या तोंडून निरोप पाठवत नाही.”

“तुम्ही कीर्तनकार. तुमचं देवाशी बोलणं होतं. माझ्याशी कुणाच्या तोंडून बोलतो तो, सांगा. पोस्टमन दारावरून जातो. ट्रकवाले खांदे उडवतात. मी कुणाला विचारू?”

बाबांपाशी एरवी प्रत्येक गोष्टीला दृष्टान्त असे. त्या वेळी त्यांनी फेटा नुसता बाजूला सारला. ते म्हणाले, “नाताळ होऊ द्या. मी स्वतः सुरतेला जाऊन येतो.”

ती निघून गेली. दिवस मावळायच्या सुमारास मी तिला चर्चकडे जाताना पाहिलं. हातात फडक्यानं झाकलेलं ताट होतं. धान्याची खोली तीच झाडायची, त्यामुळं मधल्या दारानं आत जायला तिला कुणाची किल्ली लागत नसे. मी धावत मागं गेले.

“अजून चांदण्या? कुणाच्या गं?”

“खालच्या फांद्या उघड्या दिसतात. जा तू घरी.”

ताटातून गुळाचा वास येत होता. मी फडक्याखाली हात घातला आणि तिनं फाडकन माझ्या हातावर मारलं. एवढ्या वर्षांत तिनं मला बोटही लावलं नव्हतं. मी रडत घरी आले. बाबा म्हणाले, “तिचं मन ठिकाणावर नाही, रिबे. आज तिचं काही मनाला लावून घेऊ नको.”

नाताळच्या सकाळी मी आणि बाबा चर्चवर पोचलो तेव्हा तरुण संघाची पोरं घामाघूम झाली होती. मांजरांनी धिंगाणा घालून झाड पाडलं होतं. चांदण्या फरशीभर पसरल्या होत्या. पोरांनी झाड उभं केलं, शाबूत चांदण्या झटकून, पुसून मिळेल त्या फांदीला पुन्हा लावल्या. “तुम्हांला कळलंही नसतं, कीर्तनकार,” त्यांच्यातला एक अभिमानानं म्हणाला. वरची चांदणी तारेमुळं जागची हलली नव्हती.

हन्नाकाकू दारात आली. न्हालेली, धुवट लुगडं, हातात रिकामी पिशवी. भरलेलं झाड बघितलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. मला वाटलं, तिला आनंद झाला.

मी हात धुवायला मागल्या नळावर गेले. तिथं लाल्या पडला होता. तोंडाला फेस, पाय ताठ. थोडं पुढं पांढरी मांजरी, आणि भिंतीकडेला आणखी एक. मी धावत जाऊन बाबांना ओढून आणलं. त्यांनी चिपळीच्या टोकानं लाल्याचं डोकं वळवून पाहिलं.  फावडं घेतलं, तिन्ही मांजरं बांधाकडेच्या खड्ड्यात घालून वर माती ओढली, हात धुतले आणि मला म्हणाले, “काकूला धान्याच्या खोलीत बोलाव. कुणाला कळू न देता.”

मी तिला आणलं आणि दाराशी थांबले. मला जा म्हणायचं बाबांना सुचलं नाही.

“हन्नाबाई, मांजरं मेली.”

ती पोत्यांकडे बघत राहिली.

“उंदरांचं औषध?”

तिनं मान हलवली.

“किती चांदण्यांत घातलं?”

“मोजल्या नाहीत. उजाडता येऊन उरल्यासुरल्या काढून नेणार होते. मला काय ठावं, ही पोरं कोंबड्याच्या आधी येतील!”

“ओळखू येतील का?”

“कशा येतील? औषधाचा वास मरावा म्हणून गूळ जास्ती घातला. सगळ्याच घरच्या गुळाच्या आहेत.” मग तिला एकदम रडू फुटलं. “सांगून टाका, भाऊ. सांगा मंडळीला, हन्नीनं देवाच्या घरात विष आणलं. होऊ द्या काय व्हायचं ते.”

बाबा पोत्यावर टेकले. पलीकडे पेटी वाजायला लागली होती, बायकामुलांचा गलबला ऐकू येत होता. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना प्रार्थना करताना रोज पाहायची. पण तेव्हा त्यांचे ओठ हलत नव्हते.

“सांगितलं तर उद्यापासून तुम्हांला कुणी दारात उभं करणार नाही,” ते म्हणाले. “लेकरांच्या तोंडात विष घालणारी बाई, एवढंच नाव उरेल. ते सात पिढ्या पुसायचं नाही. मी बघतो. एकही चांदणी कुणाच्या पोटात जाणार नाही. तुम्ही तोंड उघडू नका.”

“नथूची वेगळी आहे,” ती घाईनं म्हणाली. “तीळ लावलेत तिला. सगळ्यांत वर आहे. तिला कशाचा हात लागला नाही. तेवढी मला...”

“तेवढी राहील.”

“शब्द?”

“शब्द,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “रिबे, तू इथं नव्हतीस.”

बाबांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं नाही त्यांना मी काय सांगू! फेटा बांधून, उपरणं खांद्यावर टाकून ते उभे राहिले की वाटे, हा आमच्या घरी वरण पातळ झालं म्हणून कुरकुरणारा माणूस नव्हेच. एका ओवीत हसवीत, दुसरीत रडवीत, आणि मधे चिपळ्यांचा असा ठेका धरीत की म्हाताऱ्यांचे गुडघे हलायला लागत. त्या दिवशी मेंढपाळांचं आख्यान होतं. ओव्या त्यांच्या स्वतःच्या.

माळावरी थंडी भारी । शेकोटी ती विझू आली ।
कुणी नाही ज्याला त्याची । वाट देवानं पाहिली ॥

मंडळी डोलत होती. पण मला झांजेवरून दिसत होतं, बाबा एरवी सबंध चर्चभर फिरत गातात ते आज झाडापुढून हलत नाहीत. एखादं पोर रांगत फांदीकडे आलं की ओवी न तोडता पायानं हळूच मागं सारतात. फेट्याखालून घाम गळत होता. डिसेंबरातला घाम. काकू शेवटच्या बाकावर होती आणि तिची नजर त्या वरच्या चांदणीवरून ढळत नव्हती.

आरती झाली. लेवीनाना परात घेऊन उठले.

“बसा, नाना,” बाबा म्हणाले. “यंदा वाटप नको. रात्री मांजरांनी झाड पाडलं, चांदण्यांना तोंडं लावली. उष्टं आहे सगळं.”

कुणीतरी हसलं. “मांजराचं उष्टं खाऊन माणूस मरतो होय, कीर्तनकार?”

“पुसून घेऊ की!”

“माझ्या बाळाची पहिली चांदणी आहे ओ,” एक लेकुरवाळी म्हणाली. “तिच्यासाठी कुणी प्रार्थना करायची नाही का वर्षभर?”

“आपण सगळेच करू. तोंडी करू,” बाबा म्हणाले. “चांदण्या मी पुरून टाकतो.”

“पुरतो?” आता हसणं थांबलं. “जित्या माणसांच्या चांदण्या पुरतो?”

लेवीनानांच्या कडेवर नातू होता, दोनेक वर्षांचा. नानांनी बाबांच्या खांद्यावरून हात लांबवला, हाताशी आली ती चांदणी तोडली आणि नातवाच्या मुठीत दिली. “खा रे. बघू आजोबाला कोण अडवतं.”

पोरानं ती तोंडाकडे नेली. बाबांनी चिपळीसकट हात मारला. चांदणी उडाली, पण मार पोराच्या ओठावर बसला. रक्त आलं. पोर किंचाळलं, नाना किंचाळले, बायका उठल्या. कीर्तनकारानं चर्चमध्ये, नाताळच्या दिवशी, लेकराच्या तोंडावर मारलं होतं. तो नातू आज तालुक्याला ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतो. ओठावरचा व्रण दाखवून अजून सांगतो, एका वेड्या कीर्तनकारानं मारलं म्हणून.

त्या गोंधळात दोनतीन हात झाडाकडे गेले. जो तो आपल्या घरच्या चांदण्या वाचवायला धावला. बाबांनी ते पाहिलं आणि मग त्यांना मी जे करताना पाहिलं ते मला कधी विसरता आलं नाही. त्यांनी डब्यातून झाड उपटून कवेत घेतलं. काटे, साखळ्या, मेणबत्त्या सगळं घेऊन ते धान्याच्या खोलीतून मागल्या अंगणात गेले. तिथं जेवणाचा हंडा चढलेला होता, खाली बाभळीचा जाळ होता. वाटेत गळालेल्या चांदण्या त्यांनी “रिबे!” एवढंच म्हटल्यावर मी ओच्यात गोळा केल्या.

“भाऊ! वरची!” काकू धावत आली होती. “वरची काढा, भाऊ! शब्द दिलाय!”

बाबा जाळापुढं थांबले. तारेत अडकलेली ती चांदणी त्यांच्या चेहऱ्यासमोर होती. त्यांचा हात तिच्याकडे गेला. मागून सगळी मंडळी दारात लोटली होती आणि ती लेकुरवाळी रडत ओरडली, “तिची काढता तर माझ्या बाळाची पण काढा! माझी पण काढा!” “आमची पण!” पाचपन्नास हात पुढं आले.

बाबांनी हात मागं घेतला आणि झाड आगीत टाकलं.

सुरू ओलसर असूनही भडकला. तुपागुळाचा खमंग वास सुटला. बाबांनी माझ्या ओच्यातल्या चांदण्या घेतल्या, त्याही टाकल्या आणि शेवटची काळी होईपर्यंत काठीनं ढोसत उभे राहिले. कुणी पुढं झालं नाही. आपापल्या माणसांची नावं घेऊन बायका रडायला लागल्या. हंड्यातलं जेवण त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

काकू रडली नाही. राख होईपर्यंत बघत राहिली आणि घरी गेली.

पुढल्या रविवारी उपासना झाल्यावर पंचांची बैठक बसली, चर्चच्या पडवीत. आमचे पाळकसाहेब आसपासच्या गावांचं मिळून काम बघत. ते मुद्दाम थांबले होते. भला माणूस. खुर्ची सोडून बाबांशेजारी सतरंजीवर बसले.

“बर्नबा, कारण सांगा,” ते म्हणाले. “तुमच्यासारखा माणूस उगाच असं करणार नाही. कारण सांगितलंत की मी मंडळीला समजावतो.”

“कारण आहे, साहेब. सांगता येत नाही.”

“मला एकट्याला सांगा.”

“तेही नाही.”

“बघा!” लेवीनाना म्हणाले. “कारण म्हणजे गर्व. लोक ‘वा वा’ करतात, ते डोक्यात गेलं. वाटप करू नका म्हटलं आणि मंडळीनं ऐकलं नाही, आला राग! सगळ्यांची माणसं जाळली ह्यानं. उद्या कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं तर?”

“नाना, तसं काही होत नसतं,” पाळकसाहेब म्हणाले.

“ते मलाही ठाऊक आहे, साहेब. पण माझी सून रात्रीची झोपत नाही, तिला सांगा.”

तेव्हा हन्नाकाकू उठली. ती बायकांत मागं बसली होती.  मला वाटलं, आता ही सांगणार. आता सगळं फिटेल. बाबांनाही तेच वाटलं असावं, कारण ते घाईनं म्हणाले, “हन्नाबाई, तुम्ही बसा. तुमचं काही काम नाही इथं.”

“माझं नाही तर कुणाचं?” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. “साहेब, मला सांगायचंय. सगळ्यांच्या चांदण्या सगळ्यांपाशी आहेत. घरी गेलात की तुमची माणसं तुम्हांला दिसतात. जळल्या तर जळल्या. माझं माणूस तेवढंच होतं, त्या फांदीवर. मी हात जोडून सांगितलं, वरची तेवढी ठेवा. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि टाकली. ह्या माणसानं माझा नथू जाळला.”

 मी उभी राहिले. तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खाली बसले.

“बर्नबा?” पाळकसाहेब म्हणाले. “यावर तरी?”

“बाई म्हणतात ते खरं आहे,” बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या चर्चमध्ये बाबांचं कीर्तन बंद झालं. ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, दर रविवारी शेवटच्या बाकावर बसले, इतरांची भली-बुरी कीर्तनं मन लावून ऐकली आणि एखादी ओवी चांगली पडली की सगळ्यांच्या आधी त्यांची मान डोले.

त्या रविवारी बैठकीहून घरी येताना मात्र मला राहवलं नाही. पांदीच्या वाटेवर कुणी नव्हतं. मी ओरडलेच, “बाबा, विष तिनं घातलं! तिच्यासाठी तुम्ही... आणि ती तुम्हांलाच...”

“हळू बोल.”

“का हळू? खोटारडी आहे ती!”

ते थांबले. “त्यातला एक शब्द खोटा होता का, सांग मला. शब्द दिला होता की नाही? फांदीवरून काढायला हात उचलला होता की नाही? मग टाकली की नाही?”

“पण काढली असती तर सगळे...”

“ते तुला-मला माहीत. तिला एवढंच माहीत आहे, की तिचा मुलगा माझ्या हातात होता.” ते चालायला लागले. जरा पुढं गेल्यावर म्हणाले, “तिला कुणावर तरी रागावायला हवं होतं, रिबे. इतकी वर्षं तिला तोंड असलेलं कुणी सापडतच नव्हतं.”

आठवडाभर येत राहिलेलं तिच्याकडचं ताट त्या संध्याकाळी मात्र आलं नाही. बाबांनी डबे उघडून पीठ कुठं आहे ते शोधलं. मी चूल पेटवत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून तो आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं, दम्याची उबळ. मग शब्द ऐकू आले. हन्नाकाकू रडत होती. मेलेल्या माणसासाठी रडतात तसं, नाव घेऊन, त्याचं बाळपण, त्याच्या खोड्या, त्याचं खाणं-पिणं एकेक आठवून, सूर धरून. नथू गेल्यापासून त्याच्यासाठी ती एकदाही रडली नव्हती. रडणार कशी? जिवंत माणसासाठी कुणी रडतं का?

आळीतल्या बायका धावल्या. तिच्या अंगणात गोळा झाल्या. कुणी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी मागून सूर धरला.

बाबांनी पिठाचे हात धुतले, डोक्याला टोपी घातली.

“कुठं निघालात? ती तुम्हांला उभं करायची नाही.”

“मयताच्या घरी विचारून जायचं नसतं,” ते म्हणाले.

मी भिंतीवरून बघत होते. बाबा तिच्या अंगणात गेले आणि सगळ्यांच्या मागं, चपला काढून ठेवल्या होत्या तिथं, मातीत बसले. बायका गप्प झाल्या. काकूनं मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आता ती काहीतरी फेकून मारील असं मला वाटलं. तिनं तोंड फिरवलं आणि “माझ्या नथ्या रे” म्हणून पुन्हा सुरू केलं.

बाबा उठले नाहीत. अंधारून आलं, बायका एकेक करून आपापल्या भाकऱ्या टाकायला निघून गेल्या, तरी ते तिथंच मान खाली घालून बसले होते, आणि ती त्यांच्यासमोर रडत होती.